लेकुरवाळीची राखण

ऑक्टोबरात कंपनीनं आईला ब्रेक दिला तेव्हा तिनं दोन दिवस भांडी घासली. घासलेलीसुद्धा परत घासली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठली, केस बांधले आणि फावडं मागायला घरमालक मारुतरावांच्या दारात गेली.

ब्रेक म्हणजे काय ते आमच्या खोल्यांच्या ओळीतल्या बारक्या पोरांनाही माहीत आहे. सात महिने भरत आले की कंत्राटी बायकांना महिनाभर घरी बसवतात आणि मग परत बोलावतात, म्हणजे कुणी कायम होत नाही. चाकणच्या त्या कंपनीत आई गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधते. तिथली प्रत्येक बाई आपली ब्रेकची तारीख ध्यानात ठेवून असते, जशी आम्ही सहामाहीची ठेवतो. पण तारीख माहीत असली तरी ती आली की बाईचं तोंड उतरतंच.

आम्ही चिखलीत मारुतरावांच्या दहा खोल्यांतल्या सातव्या खोलीत राहतो. ओळीच्या पुढं पत्र्याच्या शेड आणि त्यांत वर्कशॉप. मागं दीड गुंठ्याचा मोकळा तुकडा. एके काळी इथली सगळी वावरं मारुतरावांच्या घराची होती. आता त्यांच्याकडं खोल्या आहेत, एक म्हैस आहे आणि हा तुकडा आहे. तुकडाही धड त्यांचा नाही, अर्धा धाकट्या भावाचा. वाटणीवरून मारुतराव आणि खंडूशेठ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्यामुळं तिथं शेड उठली नव्हती, नुसत्या बाभळी आणि प्लास्टिकच्या पिशव्या.

फावडं कशाला, असं मारुतरावांनी विचारलं. आईनं सांगितलं, ज्वारी पेरायची आहे. म्हाताऱ्यानं आत जाऊन फावडं आणलं. मग म्हणाला, "निस्त्या फावड्यानं व्हायचं न्हाई. कुदळ बी न्या." भाडं काही मागितलं नाही. म्हशीला दोन पेंढ्या कडबा द्या, एवढंच बोलला.

बी माझ्या आजीचं होतं. आजी, म्हणजे आईची आई, गिरजाबाई, गेल्या चैत्रात गेली. तेराव्यानंतर मामीनं आईपुढं आजीची लुगडी आणि तांब्याची घागर ठेवली होती. आईनं कोनाड्यातला पत्र्याचा डबा तेवढा उचलला. त्यात लेकुरवाळी ज्वारी होती. तिच्या एकेका बोंडात दोन-दोन दाणे भरतात, जुळी लेकरं मांडीवर घेतल्यासारखे, म्हणून लेकुरवाळी. मामा आता सगळं सोयाबीन करतो. गावात ती ज्वारी आजीशिवाय कुणी पेरतच नव्हतं. आणि ऑक्टोबरात डबा उघडला तर निम्म्याचा टोके-किड्यांनी भुगा केलेला. पाखडून पाखडून वाटीभर निघालं.

"एवढंच हाय. हे नाही आलं तर संपली," आई म्हणाली. डब्यातलं तेल संपलं हे सांगावं तशा आवाजात.

आईची एक सवय मी लहानपणापासून बघते आहे. बसल्या बसल्या ती डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवते, गोल गोल चोळते आणि मग तळव्यावर हलकी फुंकर मारते. हात रिकामेच असतात. कंपनीच्या बसची वाट बघताना, डॉक्टरकडं नंबर लावून बसताना, टीव्हीसमोर. मला वाटायचं वायरी ओढून हात दुखत असतील. मी एकदा मलमाची ट्यूबसुद्धा आणून दिली. तिनं लावली बिचारीनं.

त्या महिन्यात आईनं बाभळी तोडल्या, मुळं खणून काढली, पिशव्यांचे सात गठ्ठे भरले. तिच्या हाताला फोड आले, फुटले, परत आले. पप्पा भोसरीतून ओव्हरटाइम करून यायचे आणि अंगातला शर्ट न काढताच कुदळ घ्यायचे. मी दगड वेचले. पेरताना मात्र तिनं कुणाला हात लावू दिला नाही. वाटी पोटाशी धरून ती एकटीच वाकून चालत होती, आणि ओळीच्या शेवटी पोचली की कंबरेवर हात ठेवून आभाळाकडं बघत होती. मला तेव्हा फार विचित्र वाटलं. आपली आई आपल्यासमोर उभी आहे आणि तरी आपल्यापाशी नाही, तसं.

मी चिखलीतच जन्मले. गावाला जाते ती मेमध्ये, तेव्हा शेतात ढेकळांशिवाय काही नसतं. त्यामुळं आईला जे आठवतं ते मला आठवायची सोयच नाही. मी नुसती तिच्या तोंडाकडं बघते.

ज्वारी आली. नोव्हेंबरात आईला कंपनीनं परत बोलावलं तेव्हा ती गुडघ्याएवढी होती, डिसेंबरात माझ्या डोक्याच्या वर गेली आणि कणसं बाहेर पडली. दुधाचे दाणे धरले आणि पाखरांना पत्ता लागला. चिमण्या, मुनिया, पोपट. चिखलीत एवढे पोपट राहतात हे मला कुठं माहीत होतं. आई पावणेसहाच्या बसनं जाते आणि चारला येते, माझी शाळा दुपारची. सकाळची राखण माझ्याकडं आली.

तुकड्याच्या मध्यावर एक निळं रिकामं पिंप पालथं घातलं होतं. त्यावर उभं राहायचं आणि हाळी द्यायची. गोफणीला बंदी, कारण पुढं वर्कशॉपच्या काचा. हाळी आईनं शिकवली. पोटातून काढायची, "हाऽऽऽ हुर्रर्र", आणि शेवटाला वर फेकायची. पहिल्या दिवशी माझी हाळी ऐकून एक चिमणी नुसती मान वाकडी करून माझ्याकडं बघत राहिली.

खरं सांगायचं तर तोवर मला आवाजच नव्हता. पाचवीत मी बाईंना "मी पाणी प्यायला जायले" म्हणाले होते, घरी बोलतो तसं, आणि अख्खा वर्ग हसला होता. तेव्हापासून मी वर्गात कंपासपेटीशी बोलावं तशी उत्तरं द्यायचे. पण पिंपावर उभं राहून पुटपुटता येत नाही. पुटपुटलं की कणीस जातं. आठ-दहा दिवसांत माझी हाळी पुढच्या रस्त्यावर शेअर रिक्षावाल्यांना ऐकू जाऊ लागली. ते घड्याळ न बघता म्हणायचे, सात वाजले, स्वरूपा सुटली. जानेवारी लागला आणि कवायतीच्या सरांनी सव्वीस तारखेसाठी हुकूम द्यायला पोरगी शोधायला घेतली. मी हात वर केला. माझा हात वर गेलेला बघून माझी मैत्रीण मिनल बाकावरून पडायची राहिली. एकशेवीस पोरं. मी सावधान म्हणते आणि ती सावधान होतात. हे काय असतं ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही. मी घरी कपडे वाळत घालतानासुद्धा मान ताठ ठेवून चालत होते.

आईसुद्धा त्या दिवसांत वेगळीच झाली होती. एकदा तिनं लाइनवरच्या बायकांना दाखवायला एक कोवळं कणीस पिशवीत घालून नेलं. गेटवर झडतीत ते सापडलं. तिथल्या माणसानं ते टेबलावर ठेवलं आणि हे कुठल्या डिपार्टमेंटचं मटेरियल म्हणून विचारलं. मागं बायकांची रांग खोळंबली, आईला वहीत सही करावी लागली. एरवी असल्या गोष्टीनं ती दोन दिवस जेवली नसती. त्या दिवशी घरी येऊन सांगताना मात्र म्हणाली की सही केल्यावर रांगेतल्या तीन बायकांनी कणीस हुंगलं, आणि त्यातली एक रडली.

मी शाळेत गेल्यावर आई येईपर्यंत रान उघडं पडायचं. म्हणून मी पप्पांकडं बुजगावणं मागितलं. आता कुणाचेही पप्पा दोन काठ्या बांधून मडकं ठेवतील. माझे पप्पा, सयाजी नाव त्यांचं, पंधरा वर्षं फॅब्रिकेशनमध्ये आहेत. त्यांनी भंगारातला पाइप आणला, अँगलचे खांदे वेल्ड केले, खाली प्लेट लावली आणि लेव्हल धरून उभं केलं. अंगात त्यांचा जुना युनिफॉर्म, डोक्यावर पिवळं हेल्मेट. शोभा म्हणून मी त्याच्या गळ्यात माझं आठवीचं ओळखपत्र घातलं. चार पावलं मागं जाऊन पप्पा म्हणाले, "साहेबच झाला हा." बुजगावणी वाकडी असतात, वाऱ्यानं हलतात. आमचं हाललंच नाही. अगदी ड्यूटीवर उभं.

त्याच्यामुळंच घोळ झाला.

खंडूशेठ रोज सकाळी बुलेटवरून त्या रस्त्यानं जायचे. धुक्यात त्यांना दोन दिवस तो माणूस दिसला. युनिफॉर्म, हेल्मेट, गळ्यात पट्टा. आमच्या भागात मोकळ्या जागेत असा माणूस उभा दिसला की त्याचा एकच अर्थ असतो. जागा कंपनीनं घेतली आणि राखणदार बसवला. खंडूशेठना वाटलं, मोठ्या भावानं गुपचूप तुकडा फुंकला. तिसऱ्या दिवशी, सोमवारी, ते दोन माणसं घेऊन आले. मी ज्वारीच्या ताटांच्या आड पिंपावर होते, त्यांना दिसत नव्हते.

बांधावरून त्यांनी विचारलं, कुठल्या कंपनीचा तू. उत्तर नाही. कुणाला विचारून उभा हायेस. उत्तर नाही. मग त्यांचा आवाज चढला. गेटपास दाखव म्हणाले, आणि तरी तो ढिम्म हलेना, तेव्हा तरातरा आत येऊन त्यांनी गळ्यातला पट्टा धरून ओढला. पट्ट्यावर माझा फोटो. दोन वेण्या.

ते तिथंच थांबले. मला वाटतं ते तसेच मागं फिरले असते. कुणी बघितलं नाही असं समजून गेले असते. पण मी पिंपावर होते, आणि माझ्या अंगात तो नवा आवाज मावत नव्हता. मी पूर्ण कवायतीच्या सुरात हुकूम सोडला.

"विश्राम!"

रस्त्यावर शेअर रिक्षा भरत होत्या. आधी एक हसला, मग सगळे. खंडूशेठची दोन माणसंसुद्धा तोंडावर रुमाल धरून वळली. मी तर पिंपावर बसून पोट धरून हसले. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना गेटपास विचारत होते, आणि खंडूशेठ तिथं चहाला गेले तेव्हा त्यांनाही कुणीतरी विचारला.

मंगळवारी ते मारुतरावांच्या दारात आले. चार वर्षांनी पहिल्यांदा. आम्ही सगळ्यांनी खिडकीतून ऐकलं. अर्धा तुकडा माझा आहे, शुक्रवारी सकाळी आठला जेसीबी येईल, माझ्या बाजूनं कंपाउंड घालणार. मारुतरावांनी म्हणायला हवं होतं की पीक निघू दे. पण ते बसले होते ते उठले आणि म्हणाले, "अर्धं कशाला, समदंच सपाट कर. तुजं बी अन् माजं बी." खंडूशेठ म्हणाले, करतो. दोघंही एकमेकांकडं न बघता बोलत होते.

त्या दिवशी आईला यायला उशीर झाला, तोवर मी शाळेतून आले होते. तिला मीच सांगितलं, पहिल्यापासून, विश्रामसकट. मला वाटलं मारेल. ती पर्स न ठेवता मागं गेली. एक कणीस खाली वाकवलं, दाणा काढला, नखानं दाबला. पिठूळ, ओला.

"अजून तीन आठवडे पायजे होते," ती म्हणाली. आत्ता कापलं तर दाणे सुरकुततील, खायला होतील पण उगवायचे नाहीत, हे तिनं पप्पांना नंतर सांगितलं. मला फक्त एवढंच म्हणाली, "कशाला हसलीस ग. त्याला वाटलं आसंल आपली जमीन गेली. जमीन गेल्यावर माणूस आसाच वरडतो."

मग पायरीवर बसली. डाव्या तळव्यावर उजवा तळवा. गोल गोल. फुंकर.

त्यापेक्षा मारलेलं परवडलं असतं.

बुधवारी सकाळी पाखरं आली, मी पिंपावर चढले आणि माझ्या घशातून हाळी निघेना. शाळेत सरांनी विचारलं, आज काय आवाज गावाला गेला का.

संध्याकाळी पाचव्या खोलीतल्या तानुबाई आल्या. मिनलच्या आई. त्या जालन्याकडच्या, दोन शाळांत झाडलोट करतात, आणि त्यांच्या दारात रंगाच्या रिकाम्या बादलीत हा एवढा कढीपत्ता आहे. त्यांनी ज्वारीकडं बघितलं, मग आपल्या कढीपत्त्याकडं. म्हणाल्या, मुळासकट उचलून बादलीत घातली तर? पप्पा म्हणाले, सात फुटांचं ताट आहे ताई, कणीस धरलेलं. तानुबाई म्हणाल्या, "मग काय झालं. आपून नाही का भरल्या संसारासकट उचलून आलो."

मारुतराव म्हणाले, असलं कधी कुणी केलेलं त्यांनी बघितलं नाही. पण कपाळ खाजवत हेही म्हणाले की खालची पानं काढून टाकली तर ताट तगेल कदाचित. वर स्लॅबवर ठेवा, जिन्याची किल्ली देतो.

प्रश्न माणसांचा होता. मुळाभोवती मातीचा गड्डा ठेवून एकेक ताट खणायचं, भरायचं, जिन्यानं वर न्यायचं. आई स्वतःशीच हसली आणि म्हणाली, "गावाकडं आसते तर इर्जिक घातली असती." इर्जिक म्हणजे काय ते मी विचारलं. एखाद्याचं काम अडलं की गावातले सगळे येतात, दिवसभर राबतात, मजुरी घेत नाहीत. ज्याचं काम तो पोटभर जेवायला घालतो. "इथं कोण येईल बाई," असं आई म्हणाली आणि पीठ मळायला घेतलं. पप्पा फोन घेऊन बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. भोसरीत गुरुवारची सुट्टी असते, त्या दिवशी लाइट नसते. आठवड्यातला तेवढा एक दिवस पप्पांच्या वर्कशॉपमधली माणसं दुपारपर्यंत झोपतात. आईनं खाडा केला. साडेसहाला मी मागं गेले तर धुक्यातून वर्कशॉपच्या लोखंडी ट्रॉलीचा खडखडाट येत होता. पप्पांच्या वर्कशॉपमधले सहाजण होते. ट्रॉलीत रंगाच्या सव्वीस बादल्या, सगळ्यांच्या बुडाला ड्रिलनं पाच-पाच भोकं, अगदी सारख्या अंतरावर.

त्यांच्यातला धनेश कोकणातला, त्यानं आयुष्यात ज्वारीचं ताट जवळून बघितलं नव्हतं. पण पहिला गड्डा फुटला आणि माती गळून नुसती मुळं हातात आली तेव्हा तो म्हणाला, "जॉब रिजेक्ट, भाऊ." मग त्यांनी आपली पद्धत लावली. एकानं कुदळीनं चौफेर खणायचं, दुसऱ्यानं खालून पत्रा सरकवायचा, दोघांनी उचलायचं, पाचव्यानं बादलीवर मार्करनं नंबर टाकायचा. आई ओळीतून फिरून भरदार, टपोरी कणसं निवडत होती आणि त्यांना सुतळी बांधत होती. तानुबाई आणि मिनल खालची पानं काढत होत्या. मी बादल्यांना पाणी घातलं आणि जिन्यात उभी राहून, कोपऱ्यावर कणीस भिंतीला घासू नये म्हणून, डावीकडं, उजवीकडं असं सांगत राहिले. सगळे ऐकत होते. त्या दिवशी मला त्याचा काही तोरा वाटला नाही.

दहा वाजता सव्विसावी बादली वर गेली. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे. धनेशच्या पाठीत उसण भरली होती, तो स्लॅबवर आडवा होऊन वर डोलणारी कणसं बघत होता.

राहिलेल्या उभ्या पिकाचं आता एकच करता येत होतं. मारुतरावांनी गोवऱ्या आणल्या, तुकड्याच्या मधोमध खड्डा करून आगटी पेटवली. निखारे पडल्यावर आईनं कणसं त्यात खोचली, वर राख ओढली. वास सुटला. तो कसा असतो ते मला लिहिता येत नाही. दुधाचा आणि धुराचा असा काहीतरी. आईनं एक गरम कणीस काढलं, राख झटकली, डाव्या तळव्यावर घेतलं, उजव्या तळव्यानं गोल गोल चोळलं आणि हलकी फुंकर मारली. कोंडा उडाला. तळव्यावर हिरवे, वाफाळते दाणे राहिले.

मी बघतच राहिले. इतकी वर्षं ती हे करत होती.

तिनं हात माझ्यापुढं धरला. पहिला घास मला. मग ती चोळत राहिली, चोळत राहिली आणि प्रत्येकाच्या हातावर टाकत राहिली. शेंगदाण्याची चटणी होती, गूळ होता, भाकरी आणि झुणका होता. सहाजणांत चार जिल्हे होते. एकजण म्हणाला, आमच्याकडं हुरड्याला मिरचीचा ठेचा लागतो, दुसरा म्हणाला तुमच्याकडं काय कळतं, आणि त्यावरून दोघं भांडले आणि भांडताना खात राहिले. मग हळूहळू भांडण विरलं. आपापल्या तळव्याकडं बघत चोळत होते. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

आईनं एक डबा भरला आणि माझ्या हातात दिला. शाळेला जाता जाता खंडूशेठकडं दे म्हणाली. पुढं काय बोलायचं ते तुझं तू बघ.

दार त्यांच्या बायकोनं, इंदुताईंनी उघडलं. खंडूशेठ आत खुर्चीत फोन बघत होते. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

ते फोनमधून वर न बघता म्हणाले, "काल बी न्हाई, आज बी न्हाई. हाळी आली न्हाई तुजी."

मला वाटलं होतं ते रागावतील. मी म्हणाले, "आज पाखरं नव्हती. माणसं होती." मग एका दमात म्हणून टाकलं, "सोमवारी मी हसले. चुकलं माझं."

इंदुताईंनी डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी आधी फोन बाजूला ठेवला. मग चिमूटभर घेतला. चावत राहिले. त्या तुकड्यात त्यांची आई दोघा भावांना राखणीला बसवायची, असं ते डब्याशी बोलल्यासारखं बोलले. "दादाचा आवाज बसला की मी. माजा बसला की दादा. एका येळंला दोघांचा कधी बसला न्हाई."

मी म्हणाले, मग उद्याचं मशीन?

"मशीन येनार," ते म्हणाले. "बोललो त्ये बोललो."

आणि आलं. शुक्रवारी आठला. आई शिफ्टला गेली होती. आदल्या दिवशीच्या खाड्याबद्दल तिला पुढं आठवडाभर उभ्यानं तपासणीवर लावलं. मी स्लॅबवर बादल्यांमध्ये उभी राहून बघितलं. उरलेली ताटं दोन फेऱ्यांत आडवी झाली. कडबा मारुतरावांनी उचलला, दोन पेंढ्यांच्या चाळीस झाल्या. मग जेसीबीनं वरवरचा मातीचा थर हळूच खरवडला, बकेट भरलं, वळला आणि सरळ आमच्या मागच्या दाराशी येऊन ओतलं. परत गेला, परत आणलं. तीन बकेटं. मी वरून ओरडून विचारलं, हे काय. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ बोलले, वरची काळी माती खोलीवाल्या बाईला द्या. खालचा मुरूम आपल्याला बस."

त्या मातीनं आम्ही बादल्या काठोकाठ भरल्या, तरी पहिल्या आठवड्यात सोळा ताटं वाळली. पानं गुंडाळली, मग कणीस मान टाकायचं. रोज संध्याकाळी आई जिना चढून वर जायची, मेलेल्या बादलीवरचा नंबर हातानं पुसायची आणि उरलेल्यांना पाणी द्यायची. पप्पांनी बुजगावणं वर आणून उभं केलं. सव्वीस जानेवारीला मी एकशेवीस पोरांना हुकूम दिले, आवाज कुठंही फाटला नाही. पण घरी येऊन पहिल्यांदा मी जिनाच चढले. तोवर एक आणखी गेलं होतं. नऊ उभी होती.

नऊ कणसं फेब्रुवारीत पिकली. दाणे थोडे बारीक होते, पण एका बोंडात दोन. आजीच्या घरी बियाची कणसं आढ्याला टांगायचे. आमच्या खोलीत आढं नाही, माळ्याखालचा अँगल आहे. पप्पांनी त्याला हूक वेल्ड केला. पंखा लावला की कणसं एकमेकांना घासून सळसळायची, आणि आई शिफ्टवरून येऊन त्यांच्याखाली झोपायची, तोंड थोडं उघडं ठेवून, लहान पोरीसारखी. बडवल्यावर सव्वा वाटी बी निघालं. राखेत घोळून तिनं चार पुड्या केल्या. एक आमची, एक तानुबाईंची, एक मारुतरावांची. चौथी मी पोचवून आले. इंदुताईंनी ती देवघरात ठेवली.

तुकड्यावर आता निळ्या पत्र्याचं कंपाउंड आहे. पाखरं अजून येतात, त्याच्यावर बसतात.

जूनमध्ये आईला परत ब्रेक दिला. मी शाळेतून आले तेव्हा ती घरीच होती. मी आधी मोरीत बघितलं. भांडी तशीच पडली होती, खरकटी. आई चप्पल घालत होती.

"चल," ती म्हणाली. "हस्ताला पेरायचं तर जागा आत्ताच बघायला पायजे. परत एवढा येळ कुठं मिळायलाय."

आम्ही चालत निघालो. ऊन उतरलं होतं. चिखलीत जिथं जिथं मोकळं दिसेल तिथं आई रस्ता सोडून आत शिरायची, चिमूटभर माती उचलायची, बोटांत चुरायची, वास घ्यायची. इथं मुरूमच आहे. इथं तेल सांडलंय. ही बरी आहे पण सावली पडते. एका मोठ्या प्लॉटच्या मधोमध युनिफॉर्म घातलेला, हेल्मेटवाला एक माणूस ताठ उभा होता. अजिबात हालत नव्हता. आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. आम्ही दोघी ओठ घट्ट मिटून उभ्या राहिलो. तेवढ्यात त्यानं हात वर केला आणि विचारलं, काय पाहिजे.

"काही नाही भाऊ," आई म्हणाली, "माती बघायलोत."

तो चक्रावला. म्हणाला, बघा. आम्ही वळलो आणि कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर कसंबसं आवरलं, मग आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी मग बराच वेळ थांबलं नाही. आम्ही बसथांब्याच्या बाकावर बसलो.

समोरून कंपनीच्या बसगाड्या जात होत्या, दुसऱ्या शिफ्टच्या. आई रस्त्यापलीकडच्या एका पडक्या तुकड्याकडं बघत होती, तिथं गवत उंच होतं. गवत उंच म्हणजे माती बरी असणार. मीही तिकडंच बघत होते, आणि तिथं जानेवारीत काय उभं असेल ते मला पहिल्यांदाच, न सांगता, दिसत होतं. धूर, राख, हिरवे दाणे. बऱ्याच वेळानं मला कळलं की माझे हात मांडीवर आहेत, डाव्या तळव्यावर उजवा, आणि गोल गोल फिरताहेत. मी तळवा तोंडापाशी नेला आणि फुंकर मारली.